बोहाड्याचा झगा

घरी पाहुणे यायचे असले की माणूस काय करतं? चादर बदलतं, पोरांची तोंडं धुतं, कान तुटलेला कप मागच्या फळीवर सरकवतं. जव्हारच्या स्लॅबच्या घरात हेच आणि साखरशेतकडच्या कुडाच्या घरातही हेच. पाहुणे येणार म्हटल्यावर तुटका कप मुद्दाम पुढे मांडणारी मंडळी जगात एकच, ती म्हणजे संस्थावाले. प्रांजलला संस्थेत लागून दोन वर्षं झाली होती, तरी तिचा हात तुटक्या कपाकडे जाताना अजून अडखळायचा. तिचं सगळं दुखणं तिथंच होतं.

प्रांजल जव्हारची. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, चंद्रकांतशेठचं, कापडाचं दुकान. कापड कसं फाडतात ते गल्ल्याशेजारी बसून बघतच ती वाढली. काठाला कात्रीने एक चीर द्यायची, दोन्ही हातांत धरायचं आणि टर्रकन ओढायचं; धागा धरून सरळ रेघ निघते. पुढे दुकानात बसायचा कंटाळा आला आणि काहीतरी चांगलं काम करावं असं वाटलं, म्हणून ती हेमंत सरांच्या संस्थेत लागली. चांगलं काम करावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. फक्त ते कुठं नेऊन उभं करील याचा नेम नसतो.

संस्था छोटी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर संध्याकाळचे वर्ग चालवायची. वर्ग म्हणजे शाळा सुटल्यावर पोरांचा अभ्यास आणि शेवटी पोटभर खिचडी. आता कुणी शहाणा म्हणेल, की अभ्यास महत्त्वाचा, खिचडी काय मेली कुठेही मिळते. त्याने दिवाळीनंतर एकदा पाड्यावर येऊन बघावं. भात झोडून झालं की मुकादमाचा ट्रक येतो आणि आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते शिमग्याला परततात. पोराला मागे ठेवायचं तर म्हातारीपाशी, आणि म्हातारीचंच पेजेवर भागत असतं. संध्याकाळची खिचडी असली तर पोर मागे राहतं, शाळेत जातं. नसली तर पोर आईबरोबर ट्रकमध्ये चढतं आणि भट्टीवर विटा पालथ्या घालतं. इतकं ते सरळ आहे.

ही खिचडी यायची मुंबईच्या एका कंपनीकडून. कंपनीतली हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी गाडी करून यायची, पोरांशी खेळायची, चित्रं काढून घ्यायची, फोटो काढायची आणि परत जाऊन आपल्या साहेबांना सांगायची, की पैसे कसे सत्कारणी लागताहेत. वाईट नव्हती हो ती माणसं. घाटातल्या वळणांनी ओकाऱ्या काढत यायची आणि तरी हसत उतरायची.

मागच्या वर्षी ती साखरशेतकडच्या, प्रांजलच्या वर्गाच्या पाड्यावर आली तेव्हा पाड्याने काय करावं? जे कुणीही करील तेच केलं. बायांनी पोरींच्या वेण्या तेल लावून घट्ट घातल्या, तोंडाला पावडर फासली आणि पेटीतले ठेवणीतले कपडे बाहेर काढले. अंगण सारवून ठेवलं. पाहुणे खूश झाले आणि जाताजाता त्यांच्यातला एकजण हेमंत सरांना म्हणाला, "मुलं छान आहेत तुमची. खरं सांगू का, यांच्यापेक्षा गरजू मुलं दुसरीकडे असतील."

त्या एका वाक्याने हेमंत सरांची झोप उडाली. यंदा पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी प्रांजलला ऑफिसात बोलावून घेतलं.

"या वेळी रोजच्या कपड्यांत बसव मुलांना. नवं काही नको. गणवेशही नको, तो दिसला की सरकार देतंच आहे असं वाटतं. जुनं, फाटकं जे असेल ते."

"सर, असं कसं सांगायचं आयांना?"

"मला काय हौस आहे? पण यंदा ते ठरवणार आहेत, पुढे द्यायचं की नाही. लाज आपण गिळू, खिचडी पोरं गिळतील. काय?"

वाक्य ऐकायला झकास होतं. लाज नेमकी कुणाला गिळावी लागणार आहे, हे मात्र त्यात कुठे आलं नव्हतं. प्रांजलने मान डोलावली.

पाड्यावर आयांची बैठक घेऊन तिने सांगितलं तेव्हा बाया आधी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, ताई गंमत करते आहे. मग हौशी बोलली. हौशी म्हणजे रविनाची आई. पाड्यावर अहो-जाहो कुणी कुणाला करत नाही. हौशी प्रांजलला ताई म्हणे आणि तूही म्हणे.

"पाहुनं येनार, ना पोरांना फाटकां घालाचां? ताई, तुझे घरी असां करतांत काय?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा प्रांजलने चढवला. "माझ्या घरचं राहू द्या. सांगितलंय तेवढं करा."

"आगं पन फाटकां आनू कठून? फाटला का आमी शिवतों. शिवायचां सरलां का गोधडीत टाकतों. फाटकां घरात ऱ्हातंय काय?"

हे खरं होतं आणि कापडवाल्याच्या मुलीला ते कळायला हवं होतं. फाटके कपडे फाटके म्हणून ठेवून द्यायला घरात कपाट लागतं. गरिबाच्या घरी चिंधीलासुद्धा रिकामं बसता येत नाही.

"रविनाला दोनच हाईत," हौशी म्हणाली, "येक शाळेचा ना येक बोहाड्याचा."

तो बोहाड्याचा, म्हणजे सोंगांच्या जत्रेसाठी घेतलेला झगा प्रांजलला चांगला ठाऊक होता; बाजाराच्या दिवशी ती अजून वडिलांच्या दुकानात हात लावायची. शिमग्याला भट्टीवरून परतल्यावर हौशी दुकानात आली होती. पिवळा सुती झगा, त्यावर लाल बारीक फुलं, कमरेला पट्टा. तिने तो हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली, ठेवला आणि निघून गेली. पुढच्या बाजाराला परत आली, परत तेच. चंद्रकांतशेठ जुने दुकानदार. त्यांनी काही न बोलता तो झगा बाजूला काढून ठेवला आणि हौशी तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यासमोर ठेवला. "तुझाच आहे हा, दुसऱ्या कुणाला दाखवलाच नाही," असं ते म्हणाले तेव्हा हौशी अशी काही हसली, की प्रांजलने पिशवीत भरताना त्या झग्याची घडी पुन्हा नीट घातली होती. मोखाड्याला बोहाड्याच्या रात्री देवांची सोंगं नाचत होती, संबळ वाजत होता आणि रविना तो झगा घालून बापाच्या खांद्यावर बसली होती. सोंगांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आपल्या झग्याची फुलं बघत होती.

हे सगळं ठाऊक असूनही प्रांजल त्या दिवशी जे बोलली ते बोलली.

"मग बघा काहीतरी, हौशीताई. पाहुण्यांशी रविनाच बोलणार आहे, ती धीट आहे म्हणून. नव्या झग्यात आली तर तिला पुढे नाही बसवता यायचं. आणि हे नाही जमलं तर वर्ग बंद पडेल. मग मला विचारू नका."

हौशीच्या घरचं जाणं ठरलेलं होतं, मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. वर्ग राहिला तर रविना फागी आजीपाशी राहणार होती. नाही राहिला तर तीही ट्रकमध्ये. हौशी एवढंच म्हणाली, "बरां."

पाहुणे आले. सगळ्यांत पुढे होती प्रतिक्षा, कंपनीतली, प्रांजलच्याच वयाची, मनाने अगदी मऊ मुलगी. उतरल्याउतरल्या तिने सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. मुलं वर्गाच्या अंगणात रांगेने बसली होती आणि हेमंत सर समाधानाने बघत होते. पाहिजे होतं तसंच दिसत होतं सगळं. शर्टांना भोकं, झग्यांना चिरा.

प्रांजल रांगेवरून जात होती. पुढच्याच मुलाच्या शर्टाच्या कोपराला मोठं भोक होतं आणि भोकाभोवती सुईची बारीक छिद्रं गोल फिरून गेलेली होती. बाकी सगळं कापड विटलेलं, छिद्रांच्या आतलं मात्र गडद. म्हणजे तिथं काल-परवापर्यंत ठिगळ होतं. तिने दुसऱ्या मुलाकडे बघितलं. तिथंही तेच. आयांनी बसून ठिगळं उसवली होती. ज्या हातांनी लावली होती त्याच हातांनी, ताईने सांगितलं म्हणून. प्रांजलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला ओढून बाजूला न्यावं.

आणि मग तिला रविना दिसली.

पिवळा झगा होता. खांद्यापासून छातीपर्यंत चिरलेला आणि खाली घेराला आणखी एक चीर. घासून घासून कापड विरतं आणि मग फाटतं, ते फाटणं वेगळं. त्याच्या कडेला कापड पातळ झालेलं असतं, दशा लोंबतात. हे तसं नव्हतं. काठाला विळ्याने चीर देऊन, दोन्ही हातांत धरून, धागा धरून सरळ ओढलं होतं. फुलं जशीच्या तशी लाल होती. टर्रकन झालेला तो आवाज प्रांजलला न ऐकताही ऐकू आला.

हौशी पडवीत उभी होती. पाहुणे आले म्हणून तिने स्वतः मात्र ठेवणीतली साडी नेसली होती. ताईने पोरांचं सांगितलं होतं, आयांचं नाही. प्रांजल जवळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बरा फाटला ना, ताई? आदी थोडाच फाडला होता. मंग वाटला, लांबून दिसाचा नाय."

प्रांजल "हं" म्हणाली. जनाची नाही तर मनाची तरी म्हणतात. त्या घडीला तिच्याजवळ मनाची होती, उदंड होती. पण तिचा उपयोग काय? ती घेऊन ती तिथंच उभी राहिली.

प्रतिक्षा रविनासमोर गुडघ्यांवर बसली. "नाव काय तुझं?"

एरवी कुणाला बोलू न देणारी रविना पुटपुटली. तिने खांद्यावरची चीर मुठीत गच्च धरून ठेवली होती. कापडाची दोन्ही टोकं जुळवून, आतून काही दिसू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं चंद्रकांतशेठ गल्ल्यावर बसून दिवसातून एकदा तरी म्हणत.

"एक फोटो काढू या तुझा?" प्रतिक्षा म्हणाली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. "हात खाली घे ना बाळा."

रविनाने मूठ सोडली नाही. तिने प्रांजलकडे बघितलं. ताई सांगेल ते खरं. हेमंत सरही प्रांजलकडेच बघत होते.

"रविना, हात खाली," प्रांजल म्हणाली.

रविनाने हात खाली घेतला. फोटो निघाला. एक नीट आला नाही म्हणून दुसराही काढला.

इथंच संपलं असतं तर प्रांजलला कदाचित पुढे कधीतरी झोप लागली असती. पण प्रतिक्षाने विचारलं, "हिची आई आलीय का?" आणि कुणीतरी पडवीकडे बोट दाखवलं. प्रतिक्षाने हौशीकडे पाहिलं. धुवट साडी, कपाळाला कुंकू, केसांत कुर्डूचं फूल. मग तिने रविनाकडे पाहिलं. प्रांजलच्या जवळ येऊन ती खालच्या आवाजात बोलली, पण अंगण केवढंसं.

"आई बघ ना, स्वतः किती नटलीय. आणि मुलीला हे असं ठेवलंय! मला खरंच कळत नाही. यांच्याशी पण बोलायला हवं तुम्ही लोकांनी."

इतकी वर्षं भिवंडीला काढलेल्या हौशीला मुंबईचं मराठी कळायला कसली अडचण? तिचा चेहरा हलला नाही. तिने फक्त प्रांजलकडे बघितलं. ती थांबली होती. आता ताई सांगेल, अशी ती थांबली होती.

प्रांजलने तोंड उघडलं. डोक्यात वाक्य तयार होतं, साधंच होतं. हिने नाही हो, मी फाडायला लावला. पण ते बोललं की मग पुढचं सगळं बोलावं लागणार होतं. ठिगळं, गणवेश, हेमंत सर, आणि मग ही मऊ मुलगी घरी जाऊन सांगणार, की ते लोक फसवतात. मग खिचडी बंद. मग ट्रक.

"हो," प्रांजल म्हणाली. "बोलते मी त्यांच्याशी."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. धरणी अशा वेळी कधीच घेत नाही.

हौशी आत गेली आणि चहा घेऊन बाहेर आली. कप निरनिराळे होते, दोन-तीन कपांचे कान उडालेले. धड कान असलेला कप निवडून तिने प्रतिक्षाच्या हातात दिला.

गाडी गेली. हेमंत सर "छान झालं, छान झालं" म्हणत मोटरसायकलला किक मारून गेले. अंगणात हौशी कप गोळा करत होती. प्रांजल तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"हौशीताई, ती बाई जे बोलली..."

"तुला म्हाईत होतां ना, झगा कोनी फाडायला सांगला तां?"

"हो."

"मंग बोललीस का नाय?"

"वर्ग..." प्रांजल म्हणाली.

"हां," हौशी म्हणाली, "वर्ग." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर प्रांजलने तो पदरात घेतला असता. हौशीने कप विसळून पालथे घातले आणि ती रविनाला हाताला धरून घरी गेली.

कंपनीचा होकार आला. हेमंत सरांनी ऑफिसात पेढे वाटले. प्रतिक्षाने फोन करून सांगितलं, की त्या मुलीचा फोटो बघून त्यांच्या साहेबांनी तिथल्या तिथं होकार दिला. प्रांजलने पेढा हातात धरून ठेवला आणि मग कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तिथं तो किती दिवस तसाच होता, मुंग्या लागेपर्यंत.

एका सकाळी तिने दुकानात जाऊन झग्यांचा गठ्ठा सोडला. चंद्रकांतशेठनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाला?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, स्वतःचं "बोलते मी" सुद्धा. ऐकता ऐकता शेठनी हातातला गज खाली ठेवला.

"आम्ही आयुष्यभर कापड फाडलं," ते म्हणाले, "पण ते कुणाच्या अंगावर चढायचं म्हणून." आणि एक हिरवा झगा काढून तिच्यापुढे टाकला. एरवी गिऱ्हाइकाला पिशवी भरून द्यायचे. मुलीला त्यांनी दिली नाही.

ती पाड्यावर पोहोचली तेव्हा ट्रक येऊन गेला होता. हौशीच्या घराला कडी होती. वर्गाच्या अंगणात मुलं जमत होती, चुलीवर खिचडी शिजत होती आणि रविना फागी आजीजवळ बसून पाटीवर लिहीत होती. अंगात तोच पिवळा झगा होता. जाण्याआधी हौशीने तो शिवला होता. लाल धाग्याने, इतके बारीक टाके घालून, की खांद्यावरून फुलांची एक वेल उतरली आहे असं वाटावं.

प्रांजलने हिरवा झगा तिच्या मांडीवर ठेवला. रविनाने त्याला आधी नाक लावलं, नव्या कापडाचा वास घेतला. मग उलटा करून शिवण बघितली, आईसारखी. तिचं तोंड फुललं. प्रांजलला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं, आणि वाटलं तेवढ्यात रविनाने विचारलं, "ताई, ह्याला कदी फाडाचा?"

"फाडायचा नाही गं. घालायचा."

"पाहुनं येतील तवा?"

"तेव्हासुद्धा."

रविनाने झग्यावरून एकदा हात फिरवला. मग तिने त्याची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, आणि तो प्रांजलच्या हातात परत दिला.

"नको, ताई. मंग वर्ग बंद होल ना. माजी आय भट्टीवर जाताना सांगून गेली हाय, पाहुन्याम्होर चांगला घालाचा नाय. ती ताई आयला काय बोलली तां मी ऐकला. पन आय बोलली, बोलू दे, तू हतां आजीपाशी ऱ्हा."

फागी आजी पाटीकडे बघत राहिली, जणू तिला काही ऐकूच आलं नव्हतं. मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहायला लागली.

प्रांजलने फोन काढला. प्रतिक्षाचा नंबर वरच होता. या पाड्यावर कधी रेंज नसते. फोन करायचा तर टेकडी चढून वडापाशी जावं लागतं, आणि मागे किती वेळा तिने त्या रेंजच्या नावाने बोटं मोडली होती. आज नेमकी होती. सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.

त्या दिवशी राहून गेलेलं वाक्य डोक्यात घेऊन ती त्या नंबराकडे बघत बसली. खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण कुणीतरी काढलं आणि वाफ अंगणभर झाली. "ताई, वाढाय ये ना," रविनाने हाक मारली. प्रांजलने फोन पर्समध्ये टाकला, त्यावर हिरवा झगा कोंबला आणि ती खिचडी वाढायला उठली.